कोंबड्यांची नोटीस आली तर



या अंकातला पाठ कोंबड्यांवर आहे, पण खाद्यावर किंवा खुराड्यावर नाही. ते पशुसखी ताई बैठकीत सांगतातच. तुमच्या परसातल्या कोंबड्यांवरून गावात तक्रार झाली आणि तुम्हाला ग्रामपंचायतीत किंवा तहसीलला म्हणणं मांडायला बोलावलं, तर सोबत काय न्यायचं, काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, याचा हा पाठ. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा. बाकीच्यांनी मधेमधे अडवावं, "आमच्याकडे असं नाही" म्हणावं. तसं केलं तरच तो तुमच्या उपयोगाचा होईल.

आधी कोंबड्यांवरून भांडण व्हायचं ते दोन घरांत. बांधावर, फार तर पारावर मिटायचं. आता गावं बदलली. रस्त्याकडेला स्लॅबची घरं झाली, दारात फरशी आली, शहरातून परत आलेली माणसं राहायला लागली. स्वच्छतेच्या स्पर्धेत गाव उतरलं की उकिरडा आणि खुराडं सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. मग तक्रार तोंडी राहत नाही, कागदावर येते. कागदाला कागदानंच उत्तर द्यावं लागतं.

आधी एक हिशेब करू. समजा तुमच्याकडे सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ अंडी देते, म्हणजे झाली 360 अंडी. त्यातली 120 खुडूक कोंबड्यांखाली बसवली. काही उबली नाहीत, काही पिल्लं घारीनं नेली, काही मुंगसानं, काही मानमोडीत गेली. हाताशी आली 40. एक 350 रुपयांना धरली तर 14,000 रुपये. उरलेल्या 240 अंड्यांतली शंभर पोरांच्या पोटात गेली, 140 दहा रुपयांनी विकली, ते 1,400. कणी, कोंडा, लस यांचे 2,000 वजा केले तर हातात राहिले 13,400. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला आणि तुमची मर घाला. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसेल. हा पैसा बाईच्या हातात येतो, आणि गटाची बचत किंवा कर्जाचा हप्ता बऱ्याच जणी यातूनच भरतात. रोजगार बुडाला त्या आठवड्यात कोंबडी विकली म्हणून हप्ता चुकला नाही, हे आपल्या कितीतरी रजिस्टरांत दिसतं. रजिस्टरात "कोंबडी" असा शब्द नसतो एवढंच.

आणि हे फक्त आपल्या भागात नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 85 कोटी 18 लाख पक्षी मोजले गेले, त्यातले जवळपास 31 कोटी 70 लाख परसातले होते. आधीच्या, म्हणजे 2012 च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती. त्यानंतरची गणना 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तेव्हा मोजणी करणारे दारात आले, तर आपल्या काही ताई म्हणाल्या, "गाई-म्हशी लिहा, कोंबड्यांचं काय मोजायचं!" मोजायचं, ताई. जे मोजलं नाही ते सुनावणीत नसल्यासारखं असतं.

आता आपल्याच भागातल्या एका गावातली हकिगत. गावाचं नाव देत नाही, कारण तक्रार करणारं घर आणि कोंबड्यांची घरं अजून एकमेकांना लागून आहेत आणि त्यांना तिथंच राहायचं आहे.

तिथं नऊ बायकांना नोटीस आली. तक्रारीवर चौदा सह्या होत्या. मजकूर असा: दुर्गंधी, दारात घाण, पहाटेचा आवाज, वाफ्यातल्या मेथीचं नुकसान आणि रोगराईची भीती. शेवटी, आठ दिवसांत कोंबड्या हटवाव्यात. पहिल्या दिवशी नऊच्या नऊ जणी गेल्या आणि एकदम बोलल्या. "आमच्या पोटावर पाय देता का?" "आजीच्या काळापासून कोंबड्या आहेत." "आधी त्यांच्या संडासाच्या टाकीचा वास बघा!" हे सगळं खरं होतं. टाकीचं तर फारच खरं होतं. पण सरपंचांच्या पुढ्यात पाच मुद्द्यांचा कागद होता आणि त्या पाचांतल्या एकालाही उत्तर मिळालं नाही. तक्रारदार वासाबद्दल बोलत होते, बायका भुकेबद्दल. सभा तहकूब झाली.

पुढच्या तारखेला दोघीच बोलल्या. बाकीच्या सात मागे बसल्या, कागद सांभाळत. त्या दोघींनी तक्रारीचा कागद हातात धरून एकेक मुद्दा वाचला आणि त्याखाली आपण काय केलं ते सांगितलं. पोटाचा मुद्दा त्यांनी शेवटी मांडला, आणि तोही हिशेबाच्या कागदावरून. या पाठातलं मुख्य म्हणणं हेच आहे. आपला हक्क टिकतो तो समोरच्याच्या तक्रारीला नेमकं उत्तर दिल्यावर. हक्क आहे, असं नुसतं मोठ्यानं म्हणून तो टिकत नाही.

प्रत्येक मुद्द्याला त्यांनी काय उत्तर दिलं ते जरा सविस्तर बघू, कारण तुमच्याकडे तक्रार आली तर त्यात हेच मुद्दे असण्याची शक्यता जास्त.

वास. कोंबडीच्या विष्ठेला वास येतो, हे नाकारू नका. नाकारलं की लोक हसतात आणि पुढचं ऐकत नाहीत. वास ओलीचा असतो. खुराड्यात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा टाकून तो कोरडा ठेवला, आठवड्याला काढून खड्ड्यात मातीआड केला, तर वास जवळपास राहत नाही आणि खत मिळतं. नऊ जणींनी आठ दिवस हे करून दाखवलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांना बोलावून दाखवलं. सभेत त्या सदस्यांपैकी एकानं "मी बघून आलोय" एवढंच म्हटलं. ते एक वाक्य आपल्या दहा वाक्यांना भारी असतं, कारण ते दुसऱ्याच्या तोंडून येतं.

मेथी. इथं नुकसान खरोखर झालं होतं. बायकांनी भरपाई देऊ केली नाही, तर दुपारपर्यंत कोंबड्या आपल्याच परसात जाळीआड ठेवू आणि वाफ्याला काटेरी कुंपण करायला मदत करू, असं सांगितलं. शेजारीण घरात शिरली ती त्यानंतर दोन डहाळ्या मेथी घेऊनच बाहेर आली, असं काही झालं नाही बरं का. ती गप्प बसली. पण विरोधात बोलली नाही.

पहाटेचा आवाज. यावर सभेत हशा होतो, होऊ द्या. कोंबडा म्हणजे लाऊडस्पीकर नव्हे, त्याला रात्री दहानंतर बंदी घालता येत नाही. पण कोंबडा शेजाऱ्याच्या खिडकीखाली झाकायचा की घराच्या दुसऱ्या बाजूला, हे आपल्या हातात असतं. रात्री अंधाऱ्या बंद खुराड्यात झाकला तर उशिरा आरवतो. आणि सहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. एका ताईंकडे चार होते. तीन त्यांनी आधीच्या बाजारात विकले.

रोगराई. या मुद्द्यावर सगळ्यात जपून बोलायचं. "आमच्या गावरान कोंबड्यांना काही होत नाही" हे वाक्य कधीच म्हणू नका, कारण ते खरं नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट केल्या गेल्या. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात पुन्हा तेच. लोकांच्या मनात ही भीती आहे आणि ती खोटी नाही. तेव्हा लस कोणत्या तारखेला टोचली, ते दाखवा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बी अशी देतात. मधे देवीची लस. तारखा पशुसखीकडून वहीत लिहून, तिची सही घेऊन न्या. बर्ड फ्लूला ही लस चालत नाही, हेही माहीत असू द्या, म्हणजे कुणी विचारलं तर गोंधळायला होणार नाही. त्यासाठी उत्तर वेगळं. एकाच वेळी जास्त पक्षी मेले तर आम्ही त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवू, मेलेली कोंबडी ओढ्यात टाकणार नाही, खड्डा करून चुना टाकून पुरू.

इथं एक गोष्ट घरी सांगून ठेवण्यासारखी आहे. साथ आल्यावर प्रशासनानं पक्षी नष्ट करायचा आदेश काढला, तर त्यावर वाद घालायचा नाही. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्यानं त्यांना तो अधिकार आहे. पण नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते आणि आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणून लपवण्यात आपलाच तोटा. पथकाबरोबर उभं राहून संख्या लिहून घ्या आणि पंचनाम्याची नक्कल मागा. ज्यांच्या कोंबड्या कुठंच लिहिलेल्या नसतात, त्यांना सगळा आकडा तोंडी सांगावा लागतो.

आता नोटिशीकडे येऊ. नोटीस हातात आली की भीती वाटते, म्हणून बऱ्याच जणी ती न वाचता नवऱ्याकडे किंवा दिराकडे देतात. तसं करू नका. ती कुणी पाठवली, कोणत्या कलमाखाली आणि तारीख कोणती, या तीन गोष्टी आधी बघा.

ग्रामपंचायतीची असेल तर ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 खाली असते. या कायद्याच्या गावसूचीत गावाची स्वच्छता आणि आरोग्य हे पंचायतीचं काम आहे, आणि जनावरांची जोपासना, सुधारणा हेही तिचंच काम आहे. हे दुसरं काम सरपंचांना आठवून द्यायला हरकत नाही, नम्रपणे. नोटिशीत कलम लिहिलेलं नसेल तर "कोणत्या कलमाखाली?" असं लेखी विचारा. तुमचं गाव नगरपंचायत झालेलं असेल तर कायदा वेगळा लागतो, 1965 चा, आणि तिथले नियम जास्त कडक असू शकतात. तेव्हा शेजारच्या ग्रामपंचायतीत काय झालं ते तुमच्या कामाचं नाही.

तहसीलदारांची असेल तर गोष्ट जास्त गंभीर. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून सशर्त आदेश काढू शकतात. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे. "सशर्त" म्हणजे काय? अमुक तारखेपर्यंत हटवा, नाहीतर हजर राहून का हटवू नये ते सांगा. सांगायची संधी त्या कागदातच असते. पण त्या तारखेला गेलं नाही तर आदेश कायम होतो. सोयाबीन काढणीला आलं असलं, लग्न असलं, तरी जायचं. आणि तिथं एक मुद्दा जरूर मांडायचा. हे कलम सगळ्या लोकांना होणाऱ्या त्रासासाठी आहे. एका घराचा दुसऱ्या घराशी असलेला वाद त्यात बसत नाही.

कधी कधी तक्रारदार एक छापील कागद आणतात. पोल्ट्री वस्तीपासून इतक्या अंतरावर हवी, अमुक परवानगी हवी, असं त्यात असतं. कागद खरा असतो, पण तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्री फार्मसाठीच्या सूचनांमधला असतो. त्या सूचना 5,000 आणि त्याहून जास्त पक्ष्यांच्या फार्मसाठी आहेत. शांतपणे विचारा, "यात पक्षी किती लिहिलेत?" आणि आपल्या नऊ घरांची बेरीज सांगा. त्या गावात ती 74 होती.

उत्तर लेखी द्यायचं. भाषा साधी ठेवा, वकिली नको. नमुना असा:

"मा. सरपंच यांस, आपली दिनांक अमुकची नोटीस मिळाली. माझ्याकडे परसात आठ कोंबड्या व एक कोंबडा आहे. तक्रारीतील मुद्द्यांबाबत मी पुढील व्यवस्था केली आहे. (इथं एकेक मुद्दा.) कोंबड्यांवर माझ्या कुटुंबाचा अमुक इतका वार्षिक खर्च भागतो व गटाच्या कर्जाचा हप्ता जातो, हिशेब सोबत जोडला आहे. तरी कोंबड्या हटवण्याऐवजी पाळण्याबाबत अटी घालून द्याव्यात, मी त्या पाळीन. निर्णयापूर्वी समक्ष पाहणी करावी, ही विनंती."

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन जपून ठेवा. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून म्हणा, "भाऊ, पोच द्या, गटाच्या फाईलला लावायची आहे." गटाचं नाव इथं कामाला येतं. तक्रारीची प्रत दिली नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि उत्तर 30 दिवसांत. पण सुनावणी आठ दिवसांवर असेल तर 30 दिवस थांबता येत नाही. तेव्हा आधी साधा अर्ज करून "तक्रारीची प्रत मिळेपर्यंत सुनावणी पुढे ढकलावी" अशी मागणी करायची.

या सगळ्याच्या आधी एक जागा आहे, जी आपण फुकट घालवतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, असं कायदाच सांगतो. कितीतरी गावांत ती कागदावर होते, रजिस्टर घरोघरी सहीला फिरतं. यापुढे कोऱ्या पानावर सही करू नका. सभा खरी घ्यायला लावा, त्यात कोंबड्यांचा विषय तुम्हीच मांडा आणि शिफारस लिहून घ्या. ग्रामसभेत पन्नास पुरुषांसमोर पहिल्यांदा विषय काढणं अवघड जातं. महिला सभेतून लिहून आलेला विषय वाचून दाखवणं सोपं जातं.

सुनावणीत मागायचं काय, हे जाण्याआधी ठरलेलं हवं. "तक्रार फेटाळा" एवढंच मागितलं तर एक बाजू हरणार आणि सहा महिन्यांनी तीच तक्रार परत येणार. माझं मत विचाराल तर अटी आपणच सुचवाव्यात. त्या गावात ठराव असा झाला: घरटी पंधरापर्यंत मोठे पक्षी, एक कोंबडा, दुपारपर्यंत जाळीआड, खुराडं सार्वजनिक नळापासून आणि शेजाऱ्याच्या दारापासून लांब, लसीची नोंद. कुणी अट मोडली तर आधी गटाला कळवायचं, गटानं पंधरा दिवसांत दुरुस्ती करून घ्यायची, तरी नाही झालं तर पंचायतीनं त्या एका घरावर कारवाई करायची. हे शेवटचं वाक्य बायकांनी हट्टानं घालून घेतलं. त्यामुळे एकीच्या हलगर्जीपणाची शिक्षा नऊ जणींना होणार नाही. पंधराचा आकडा एका ताईंना पटला नव्हता, त्यांच्याकडे एकवीस होत्या. त्या आजही नाराज आहेत, आणि पिल्लं मोठ्या पक्ष्यांत कधी धरायची यावर वाद चालूच आहे.

ठराव झाला की तो इतिवृत्तात नीट लिहिला का, ते तिथंच वाचून घ्या. सूचक, अनुमोदक, मतं. नंतर "तसं ठरलं नव्हतं" म्हणणारे निघतात. ठरावाची नक्कल अर्ज करून घ्या आणि ग्रामसंघाच्या फाईलला लावा. सरसकट बंदीचाच ठराव झाला, तर तुमचं लेखी उत्तर, त्याची पोच आणि ठरावाची नक्कल घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. कागद पुरे असतील तर तुमचं म्हणणं न बघताच बंदी घातली का, हे तिथं दाखवता येतं. तेव्हा ग्रामसंघाला आणि आम्हा समन्वयकांना सोबत घ्या, एकट्या जाऊ नका.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करून आणा. वहीचं एक पान घ्या. सदस्याचं नाव, मोठे पक्षी, पिल्लं, कोंबडे, शेवटची लस कधी, खुराड्यापासून शेजाऱ्याचं दार किती पावलांवर, आणि गेल्या महिन्यात अंडी-कोंबड्यांचे किती रुपये आले. पावलं खरोखर चालून मोजा. सचिव ताईंनी पानावर तारीख घालून गटाचा शिक्का मारावा आणि दर तीन महिन्यांनी नवीन पान करावं. लिहिता येत नसेल त्या सदस्याचं पान शाळेत जाणाऱ्या मुलीकडून भरून घ्या, अंगठा मात्र सदस्याचाच हवा.